तांदळाची भाकरी, शिफ्टची नोकरी आणि नुकताच कळलेला मधुमेह

प्रश्न, थोडक्यात: आम्ही घणसोली गावात राहतो. माझे यजमान ४७ वर्षांचे असून रबाळे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात. गेल्या महिन्यात त्यांची उपाशीपोटीची साखर १४८, जेवणानंतरची २३६ आणि एचबीएवनसी ८.२ आली. वजन ७४ किलो, उंची १६५ सेंटीमीटर, कंबर ९८ सेंटीमीटर आहे. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी दिली आहे. आमच्याकडे दोन्ही वेळा तांदळाची भाकरी, भात आणि मासळी असते. आता भात बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली आहे आणि सकाळी कारल्याचा रस देते. रात्री ते जवळजवळ उपाशी झोपतात, तरी सकाळची साखर १४० च्या खाली येत नाही. आहार नेमका कसा असावा, आणि तो पाळला तर गोळ्या बंद होतील का?

उत्तर:

ताई, तुम्ही आकडे, उंची, कंबर आणि औषधांची नावे व्यवस्थित लिहून पाठवलीत, त्यामुळे उत्तर मोघम द्यावे लागणार नाही. मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारे बरेच रुग्ण माझ्याकडे येतात. तुमच्या घरी जो घोळ झाला आहे, तोच थोड्याफार फरकाने त्यांच्या घरीही झालेला असतो. पदार्थ बदलले जातात, पण प्रमाण आणि वेळ तशीच राहते.

आधी आकड्यांविषयी. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून अधिक आली आणि ती पुन्हा तपासून पक्की झाली, की मधुमेहाचे निदान होते; तुमच्या यजमानांच्या बाबतीत दोन्ही आकडे एकाच वेळी वर असल्यामुळे शंकेला जागा राहिलेली नाही. एचबीएवनसी म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो आणि आहार बदलल्यावर पंधरा दिवसांत तो पुन्हा करून घेण्यात काही अर्थ नसतो. शरीरात लोहाची कमतरता असेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक दोषाचा वाहकपणा असेल, तर मात्र हा आकडा फसवू शकतो, म्हणून त्याच्याबरोबर हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे.

आता तुमचा खरा प्रश्न. माणूस रात्री काहीच खात नाही, मग सकाळची साखर वाढते कशी? ही साखर ताटातून आलेली नसते, ती यकृतातून आलेली असते. आपण झोपेत असताना मेंदूला आणि इतर अवयवांना इंधन मिळावे म्हणून यकृत स्वतः ग्लुकोज तयार करून रक्तात सोडत राहते, आणि किती सोडायचे यावर इन्सुलिनचा लगाम असतो. यकृतात चरबी साठली, की ते इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि गरज नसतानाही साखर सोडत राहते. त्यातच पहाटे शरीरातील काही संप्रेरके वाढतात आणि आकडा आणखी थोडा वर जातो. त्यामुळे रात्रीचे जेवण तोडून सकाळची साखर फारशी उतरत नाही. ती उतरते यकृतातील चरबी कमी झाल्यावर, म्हणजे वजन आणि विशेषतः कंबर कमी झाल्यावर. मेटफॉर्मिनही मुख्यतः यकृतावरच काम करते, आणि तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून त्यांना रात्री उपाशी ठेवणे आजपासूनच थांबवा. त्यातून सकाळी नऊला भुकेने दुप्पट खाणे एवढेच घडते.

तुम्हाला कदाचित वाटेल की ७४ किलो हे काही फार वजन नाही. त्यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सुमारे २७ येतो. आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. पुरुषांच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटर आहे. भारतीयांसाठी हे आकडे पाश्चात्त्यांपेक्षा कमी ठेवण्याचे कारण असे की त्याच वजनात आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्रच छापले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ इतकाच होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. त्यामुळे तुमच्या यजमानांसाठी वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप महत्त्वाचा आहे. सकाळी पोट रिकामे असताना, श्वास सहज सोडून, महिन्यातून एकदा कंबर मोजा. पहिले उद्दिष्ट चार ते सात किलो वजन कमी करण्याचे ठेवा. एवढ्यानेही आकड्यांत फरक दिसतो.

आता भाकरी, कारण सगळी गोम इथेच आहे. तुम्ही भात बंद करून ज्वारी आणलीत आणि तुमच्या मनाला समाधान वाटले असेल, पण पीठ मोजून पाहा. एक दिवस स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर पीठ तोलून घ्या आणि त्यात किती भाकऱ्या होतात ते लिहून ठेवा. आगरी घरात थापलेल्या तांदळाच्या एका भाकरीला साधारण ६५ ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर तिच्यात सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीच्या तेवढ्याच पिठात ती ४४ च्या आसपास भरतात. फरक सहा ग्रॅमचा! ज्वारीत तंतू (फायबर) जास्त आहेत, १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर पॉलिश केलेल्या तांदळात तीनहूनही कमी, हे खरेच आहे आणि तिचा तेवढा फायदा मिळतोही. पण ‘ज्वारी म्हणजे पथ्य’ असे ठरले, की माणूस दोनच्या जागी तीन भाकऱ्या निर्धास्तपणे खातो आणि ताटातील कर्बोदके उलट वाढतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी अभ्यासातूनही हेच पुढे आले आहे. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने धोका घटताना दिसत नाही. कर्बोदकांचा काही वाटा कमी करून त्या जागी डाळी, कडधान्ये, दूध-दही यांतील प्रथिने आणली, तर तो घटताना दिसतो.

तुमच्या तांदळाच्या भाकरीची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तिचे पीठ बारीक दळलेले असते आणि उकड काढून मळलेले असते, म्हणजे तव्यावर पडण्याआधीच त्यातील स्टार्च फुगून मऊ झालेला असतो. असा स्टार्च लवकर पचतो आणि साखर झपाट्याने वर चढते. म्हणून ती कायमची सोडा असे मी सांगणार नाही. सोडलेली भाकरी दोन महिन्यांनी व्याजासकट परत येते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. तुमच्या यजमानांच्या पूर्वीच्या जेवणाचा हिशेब करा. दोन भाकऱ्यांचे १०० आणि वर शीग लावून भरलेल्या एका वाटी भाताचे ३५, म्हणजे एका बैठकीत १३५ ग्रॅम कर्बोदके झाली. त्यांच्यासाठी एका मुख्य जेवणात ४५ ते ६० ग्रॅम पुरेशी आहेत. तेव्हा एक भाकरी, किंवा एक सपाट वाटी भात आणि एक लहान फुलका. भाकरी आणि भात दोन्ही पूर्ण प्रमाणात एकाच ताटात नकोत. भाकरी थोडी लहान थापलीत तर तिचे पीठ ५० ग्रॅमवर येईल.

मोकळ्या झालेल्या जागेत काय वाढायचे, या बाबतीत तुमचे घर खरोखर सुदैवी आहे, कारण मासळी तुमच्या दारात येते. बांगडा किंवा सुरमई यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात आणि कर्बोदके जवळजवळ नसतात. बांगड्यातील तेल हृदयालाही चांगले. ओल्या बोंबलात पाणी फार, म्हणून त्याचे दोन-तीन तुकडे जास्त घेतले तरी चालतील. मांदेली रवा किंवा तांदळाचे पीठ लावून तळण्याऐवजी हळद, तिखट, कोकमाचे आगळ लावून तव्यावर चमचाभर तेलात परता. आंबट कालवणाला माझी काहीच हरकत नाही, फक्त त्यासाठी खोबऱ्याचे वाटण निम्मे करा आणि कालवणात बुडवण्यासाठी दुसरी भाकरी मागितली जाणार नाही अशा बेताने ते वाढा. सुकट, सोडे, खारे यांत मीठ भरपूर असते. रक्तदाब वाढलेला असेल तर ते आठवड्यातून एखाद्या वेळेपुरतेच ठेवा. ज्या दिवशी मासळी नसेल, त्या दिवशी वालाची उसळ, मूग, अंडी किंवा घट्ट वरण असावे. नुसत्या पातळ आमटीतून प्रथिने नावालाच मिळतात. मूत्रपिंडे ठीक आहेत ना, हे क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन पाहून डॉक्टरांकडून आधी विचारून घ्या. तिथे दोष असेल तर प्रथिनांचे गणित बदलते.

भाजी वाटीभर नव्हे, दोन वाट्या. माठ, चवळी, गवार, शिराळी, पडवळ, भेंडी, दुधी, शेवग्याच्या शेंगा, जे बाजारात असेल ते. पावसाळ्यात ठाण्याच्या बाजारात येऊरकडच्या आणि शहापूरकडच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. त्याही जरूर घ्या. बटाटा, सुरण, रताळे, कोनफळ यांची गणना मात्र भाजीत करू नका, ती भाकरीच्या खात्यावर लिहा. आणि खाण्याचा क्रम बदला: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग मासळी, आणि भाकरी किंवा भात शेवटी. तेच अन्न, तेवढेच प्रमाण, पण या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसले आहे. पहिल्या घासाला भाकरी हवी हा हट्ट सुटायला थोडे दिवस लागतात, इतकेच.

तुमच्या पत्रात चहाचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम विचारते. कंपनीत किती कप होतात? दोन चमचे साखरेचे चार कप झाले तर तिथेच ४० ग्रॅम साखर पोटात गेली, आणि बरोबरची बिस्किटे वेगळीच. कँटीनच्या यंत्रातला चहा बहुधा साखर घालूनच येतो, तेव्हा त्यांनी बिनसाखरेचा चहा घरून छोट्या थर्मासमध्ये न्यावा. गूळ आणि मध यांना साखरेपासून वेगळे समजू नका. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांत मैदा असतोच, आणि ‘डायबेटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या आट्यावर पैसे घालवण्यापेक्षा त्याच पैशात बांगडा घ्या.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात धोका आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि ती घेऊन माणूस जेवला नाही तर साखर खाली जाऊ शकते. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. आता रात्रपाळीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. ते सकाळी आठला घरी येतात, चहाबरोबर ‘सकाळची गोळी’ घेतात, आडवे होतात आणि दुपारी दोनपर्यंत पोटात काही जात नाही. त्यात तुम्ही कारल्याचा रस दिलात आणि भाकरीही कमी केलीत, तर साखर झोपेतच उतरू शकते, आणि झोपलेल्या माणसाला घाम, थरथर, धडधड ही लक्षणे वेळेवर कळत नाहीत. ही गोळी दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाबरोबर घ्यायची असते. घड्याळातील सकाळ ती ठरवत नाही. रात्रपाळीत ते पहिले जेवण कोणते आणि गोळी केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांना शिफ्टचे वेळापत्रक दाखवून लिहून घ्या. आहारात कर्बोदके कमी करत आहोत, हेही त्यांना त्याच वेळी सांगा, म्हणजे गरज असल्यास मात्रा ते आधीच बदलतील. साखर ७० च्या खाली गेली, किंवा लक्षणे दिसली आणि मोजायला यंत्र जवळ नसले, तर तीन चमचे साखर अथवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, साखर अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे आणि नंतर थोडे जेवावे. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट उपयोगी नाही, त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. ग्लुकोजची पुडी त्यांच्या डब्यात, बाइकच्या डिकीत आणि लॉकरमध्ये असावी, आणि यंत्रावर बाजूला काम करणाऱ्या एका सहकाऱ्याला ही माहिती असावी.

रात्रपाळीतील जेवण कामावर जाण्यापूर्वी साडेआठ-नऊच्या सुमारास पूर्ण घ्यावे. मध्यरात्रीनंतर भात-भाकरीचा डबा नको. दोन उकडलेली अंडी, किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ, ताक, मूठभर दाणे एवढे पुरे. रात्री शरीर साखर हाताळायला मुळातच मंद असते, त्यामुळे तोच भात दुपारपेक्षा रात्री दोन वाजता जास्त नडतो.

कारल्याच्या रसाबद्दल: कारल्याची भाजी उत्तम, पण रसाचा साखरेवरील परिणाम थोडका आणि बेभरवशाचा आहे, शिवाय ग्लिमेपिराइडबरोबर तो अनपेक्षितपणे भर घालू शकतो. तो बंद करा. भिजवलेल्या मेथीदाण्यांतील विरघळणाऱ्या तंतूंमुळे थोडा उपयोग होतो, हवे तर चमचाभर घ्या. दुधीचा रस काढायची कुणी शिफारस केली आणि तो कडू लागला, तर एक घोटही पिऊ नये. कडू दुधी विषारी असतो आणि त्याने माणसे दगावलेली आहेत.

फळांना बंदी नाही, रसाला आहे. पेरू किंवा संत्रे असेल तर एका वेळी एक मध्यम फळ, पपई किंवा जांभळे असतील तर वाटीभर, तेही जेवणाला लागून नव्हे, मधल्या वेळी. आंब्याच्या दिवसांत अर्धा हापूस खायला हरकत नाही, फक्त त्या दिवशी एका जेवणातील भाकरी अर्धी करावी. आमरस हा मात्र वाट्यांच्या हिशेबात कधीच बसत नाही. उपवासाला साबुदाणा नको, तो जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे आणि बटाट्याबरोबर तो दुपटीने भारी पडतो. ग्लिमेपिराइड चालू असताना निरंकार उपवास तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

आणि हळदीचा कार्यक्रम. आगरी-कोळी घरांत लग्नसराईत हळदीच्या रात्री काय होते हे मी तुम्हाला सांगायला नको. मटण खाऊ द्या, पण चरबीचे तुकडे आणि दुसरी भाकरी टाळायला सांगा. दारूबाबत मात्र मी स्पष्ट बोलते, कारण अडचणीचा विषय म्हणून रुग्ण तो लपवतात. ग्लिमेपिराइडवर असताना रिकाम्या पोटी दारू घेतली, तर यकृत साखर सोडायचे काम बाजूला ठेवते आणि पहाटे साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि बघणाऱ्यांना वाटते की माणूस नुसता झिंगून पडला आहे. न पिणे सर्वांत चांगले. ते ऐकणार नसतील तर निदान जेवल्याशिवाय नको आणि एकट्याने झोपू देऊ नये.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे हे या सगळ्यात सर्वांत स्वस्त औषध आहे. चालणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो. घणसोलीत सेक्टरच्या रस्त्यावर फेरी मारावी किंवा कंपनीच्या आवारात, पण जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. याखेरीज आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर असा स्नायूंचा व्यायाम हवा, कारण वजन उतरताना स्नायू घटले तर आपण तोट्यातच राहतो.

तपासणीसाठी घरी ग्लुकोमीटर घ्या, पण रोज सकाळी एकच आकडा बघून घाबरण्यासाठी नव्हे. एका दिवशी एकच जेवण निवडा. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा, आणि शेजारी काय खाल्ले ते प्रमाणासह लिहा. एका भाकरीने किती चढली, भाताने किती चढली, हे दोन आठवड्यांत तुम्हालाच कळेल आणि माझ्या हिशेबापेक्षा ते जास्त खरे असेल. साधारणपणे जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या खाली असे लक्ष्य ठेवतात.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. मधुमेह नवा असेल आणि वजन पुरेसे उतरले, तर तो औषधांशिवाय आटोक्यात राहू शकतो, हे आता सिद्ध झालेले आहे. ब्रिटनमधील डायरेक्ट चाचणीत निदान होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या रुग्णांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास उष्मांकांचा आहार दिला होता, आणि वर्षअखेरीस त्यांतील ४६ टक्के रुग्ण औषधाशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. तो आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या सुरुवातीलाच थांबवून दिला होता. हे वाचून कुणी घरच्या घरी उपासमार सुरू करू नये, आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी तर कर्बोदके एकदम तोडू नयेत, त्यांच्यात साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. गोळ्या थांबवल्यानंतर निदान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिला, तर त्याला मधुमेहाची उपशमित अवस्था (रेमिशन) म्हणतात. वजन पुन्हा चढले की मधुमेह परत येतो, म्हणून तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत गोळी स्वतःहून एकही दिवस सोडू नका. तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे ताट सांभाळा, वही भरा, मग एचबीएवनसी करून वहीसकट डॉक्टरांकडे जा. आकडे उतरले असतील, तर कपातीची सुरुवात बहुधा ग्लिमेपिराइडपासून होते, कारण साखर खाली जाण्याचा धोका तिचाच आहे. मेटफॉर्मिन बहुतेकदा नंतरही चालू ठेवतात, आणि ती दीर्घकाळ घेणाऱ्यांचे बी-१२ जीवनसत्त्व अधूनमधून तपासतात. त्याच भेटीत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतील अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल आणि तळपायांची संवेदना पाहून घ्या. मधुमेह आज कळला असला तरी तो शरीरात कधीपासून आहे हे कुणालाच माहीत नसते, त्यामुळे या तपासण्या पहिल्याच वर्षी व्हायला हव्यात.